बार नंतर, वळण आधी: मुलांना उंच उडी शिकवताना

“सर, बार वाढवा ना.”

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका शाळेच्या मैदानावर मी सकाळी मुलांना उंच उडी शिकवतो. तिथे हे वाक्य रोज कानावर पडतं. एक मीटर वीस गेलं की मुलांना लगेच एक तीस हवं असतं. त्यांचा उतावळेपणा मला मनापासून आवडतो, पण मी बार वाढवत नाही. उंच उडीतली उंची मिळते ती जमिनीवर, बारच्या आधीच्या पाच पावलांत. पाय जमिनीवरून सुटला की शरीराचा गुरुत्वमध्य किती वर जाणार हे ठरून गेलेलं असतं. नंतर हवेत कितीही हातपाय मारले तरी त्यात सेंटीमीटरची भर पडत नाही. मिळालेली उंची वाया जाऊ न देणं, एवढंच हवेत आपल्या हाती उरतं.

शाळेतले क्रीडाशिक्षक, नुकतेच शिकवू लागलेले प्रशिक्षक आणि पहाटे मुलांना गाडीवर बसवून मैदानावर आणणारे आईवडील यांच्यासाठी हे लिहितो आहे. दहा ते सतरा वर्षांची मुलं डोळ्यासमोर आहेत.

पहिलं पाऊल: मॅट तपासा

डिक फॉसबरीने १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पाठ बारकडे करून उडी मारली आणि २.२४ मीटरवर सुवर्णपदक घेतलं. आज सगळं जग त्याच पद्धतीने, म्हणजे ‘फ्लॉप’ने, उडतं. पण ही पद्धत रुजली ती फोमच्या जाड गाद्या आल्यामुळे. वाळूत किंवा लाकडाच्या भुशात उतरायचं असेल तर पायांवरच उतरावं लागतं. त्यामुळे पहिला नियम असा, की वाळूच्या खड्ड्यात फ्लॉप मारायचा नाही. दोन जिम्नॅस्टिकच्या गाद्या एकावर एक टाकूनही नाही. मान आणि पाठीचा कणा यांच्याशी खेळ नको. वाळूच असेल तर पायांवर उतरायची कैची उडी शिकवा. तिच्यावरच पहिली दोन वर्षं उत्तम जातात.

मोठ्या स्पर्धांमधली मॅट किमान सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सत्तर सेंटीमीटर जाड असते. शाळेत ती लहान असेल, पण तिचे तुकडे पट्ट्यांनी एकमेकांना घट्ट बांधलेले हवेत. रोज सकाळी मी स्वतः मॅटवर गुडघे टेकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. जिथे गुडघ्याला जमीन लागते, तिथे आतला फोम बसलेला असतो. ती जागा खडूने खुणावून ठेवतो आणि तिच्यावर कोणाला पडू देत नाही. नियमाप्रमाणे बार चार मीटरचा आणि जास्तीत जास्त दोन किलोचा असतो. त्याच्या जागी बांबू किंवा लोखंडी पाइप कधीही लावू नका. नवशिक्यांसाठी तर बारही नको. दोन खांबांना इलॅस्टिक बांधलं की काम होतं आणि पाठीला बार लागायची भीतीच राहत नाही.

साधनं साधी असली तरी चालतात. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे मक्याच्या भुशाच्या गादीवर उड्या मारत शिकला. २०२४ साली तो पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि २०२५मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. त्याच्याआधी भारताच्या एकाही उंच उडीपटूने जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली नव्हती. मुलांना हे मी मुद्दाम सांगतो. त्या भुशामागे कोणीतरी कष्टाने केलेली पुरेशी जाडीची गादी होती, हेही सांगतो.

दुसरं पाऊल: कोणता पाय?

मुलाला मागून हळूच ढकलायचं आणि जो पाय पुढे येईल तो उडीचा पाय, असं पुष्कळजण करतात. माझा त्यावर विश्वास नाही. इलॅस्टिक कमरेएवढं लावा आणि दोन्ही बाजूंनी चार-चार कैची उड्या मारायला लावा. कोणत्या बाजूने उडी सहज जाते ते बघणाऱ्यालाही दिसतं आणि मुलालाही कळतं. खात्री होत नसेल तर महिनाभर दोन्ही बाजूंनी मारू द्या, घाई नाही.

आता बाजू ठरवायची. टेकऑफचा, म्हणजे ज्यावरून उडायचं तो, पाय नेहमी बारपासून दूरचा असतो. डाव्या पायावर उडणारं मूल बारकडे तोंड करून उभं राहिलं, की त्याची धाव उजवीकडून सुरू होते. उजव्या पायावर उडणाऱ्याची डावीकडून. पुढचं सगळं डाव्या पायाचं धरून सांगतो, उजव्या पायवाल्यांनी बाजू उलटी करावी.

तिसरं पाऊल: कैची, आणि तीही भरपूर

कैची उडीत मूल बसल्यासारखं बारवरून जातं. आधी बारजवळचा पाय सरळ वर, मग दुसरा, आणि मॅटवर पायांवरच उतरायचं. बघायला अगदी साधी वाटते. पण टेकऑफच्या वेळी शरीर उभं ठेवायची सवय हिच्यासारखी दुसरं काहीच लावत नाही. बारकडे झुकलं की कैचीत बार पडलाच. शिक्षकाने ओरडायची गरज नाही, बारच सांगतो.

सूचना तीनच द्या. छाती वर. मोकळा गुडघा, म्हणजे दुसऱ्या पायाचा, कमरेच्या वर. उतरल्यावर पायांवर उभं. मॅटवर उतरून जो मुलगा तोल न जाता दोन पावलं चालत पुढे जातो, त्याचा टेकऑफ बरोबर झाला असं खुशाल समजा. माझ्याकडे मूल वर्षभर तरी कैचीच मारतं. नंतर फ्लॉप आला तरी प्रत्येक सरावाची सुरुवात सहा-आठ कैच्यांनीच होते. फ्लॉपची उंची कैचीच्या उंचीपेक्षा फारशी पुढे सरकत नसेल, तर दोष हवेतल्या हालचालीत आहे. दोन्ही उंच्या एकदमच अडकल्या असतील, तर दोष धावेत आहे. एवढ्या एका तुलनेवरून मी पुढच्या महिन्याचा सराव ठरवतो.

चौथं पाऊल: वळण

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फ्लॉपची धाव इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी असते, आधी सरळ आणि मग वळण. वळण कशासाठी? सायकलवरून जोरात वळताना आपण आतल्या बाजूला कलतो, तसंच धावताना होतं. डाव्या पायाचा खेळाडू वळणावर डावीकडे, म्हणजे बारपासून दूर कलतो. या कलण्याने गुडघे फार न वाकवता शरीर खाली येतं. शेवटच्या पावलाला ते कललेल्या अवस्थेतून उभं होत जातं आणि पाय सुटतो त्या क्षणी सरळ होऊन बारकडे फिरू लागतं. पाठीवर जायला लागणारी गिरकी अशी फुकट मिळते, स्वतःला मागे टाकावं लागत नाही. ज्याला कलता येत नाही तो शेवटच्या क्षणी खांदा बारकडे टाकतो आणि उंची तिथेच संपते.

किती कलायचं याचाही हिशेब आहे. सेकंदाला पाच मीटर वेगाने सहा मीटर त्रिज्येच्या वळणावर धावलं, तर उभ्या रेषेपासून साधारण तेवीस अंश कलावं लागतं. वेग वाढला की कलणं वाढतं. मुलांना हे आकडे सांगू नका, वळण पळू द्या.

आम्ही असं करतो: मैदानात एक खुंटी ठोकायची, तिला सहा मीटरची दोरी बांधायची आणि दोरी ताणून फक्कीने पूर्ण गोल आखायचा. पहिल्या आठवड्यात या रेषेवर फक्त पळायचं, आधी हळू आणि मग वेगाने. कमरेतून वाकायचं नाही. घोट्यापासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून कलायचं. दुसऱ्या आठवड्यात गोलावर पळताना दर तिसऱ्या किंवा पाचव्या पावलाला डाव्या पायावरून वर उसळायचं. तिसऱ्या आठवड्यात सरळ पळत येऊन गोलात शिरायचं. हा शिरण्याचा क्षण अवघड असतो. मुलं तिथे एकदम काटकोनात वळतात, त्यामुळे वेग मरतो. “पाऊल रेषेवर टाक, रेषा तुला वळवेल” असं मी सांगतो.

सातवीतली एक मुलगी या गोलावर दोन आठवडे काही केल्या कलत नव्हती. तिचे खांदे आत यायचे, पण कंबर बाहेरच राहायची. एके दिवशी मी तिच्या बाहेरच्या हातात पाण्याची अर्धी भरलेली बाटली दिली आणि बाटली वर धरून पळायला सांगितलं. तिसऱ्या फेरीत ती आपोआप एका रेषेत कलली. मागे फक्कीवर तिच्या बुटांचे ठसे उमटले होते आणि प्रत्येक ठशाची गोलाच्या आतल्या बाजूची कड जास्त खोल होती. तो ठसा मी सगळ्यांना बोलावून दाखवला. वळण जमलं की नाही हे तेव्हापासून मुलं स्वतः खाली बघून सांगतात.

पाचवं पाऊल: धाव मोजणं

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आठ पावलांची धाव पुरते, तीन सरळ आणि पाच वळणावर. दहा-अकरा वर्षांच्यांना सहाही चालतील. मोठे खेळाडू साधारण दहा पावलं घेतात.

मोजायचं असं. उजव्या खांबापाशी उभं राहा. बारच्याच रेषेत बाहेरच्या बाजूला सुमारे तीन मीटर जा. तिथून काटकोनात मागे सुमारे दहा मीटर जा आणि खूण करा. ही झाली धावेची सुरुवात. पाच पावलांचं वळण जिथे सुरू होतं तिथे दुसरी खूण. टेकऑफ बारपासून साधारण हातभर अंतरावर, उजव्या खांबापासून थोडं आत, म्हणजे बारच्या जवळच्या तिसऱ्या हिश्शात पडायला हवा. मुलाच्या पावलांप्रमाणे हे आकडे अर्धा-एक मीटर इकडेतिकडे सरकतील. धाव दहा वेळा पळून बघितल्याशिवाय खूण पक्की करू नका. मोजमाप टेपनेही घ्या आणि मुलाच्या स्वतःच्या पावलांनीही. स्पर्धेत टेप मिळेलच असं नाही, पावलं बरोबर असतात. प्रत्येकाची एक वही असते आणि हे आकडे तारखेसह त्या वहीत जातात. वाढत्या वयातल्या मुलांची खूण तीन महिन्यांत बदलते.

सहावं पाऊल: शेवटची दोन पावलं आणि टेकऑफ

शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब आणि सपाट पडतं, कंबर किंचित खाली येते. शेवटचं पाऊल आखूड आणि झटकन. ताल लक्षात ठेवा: टप, टप, टप, टऽप, टप्! मी कधीकधी मॅटकडे पाठ करून उभा राहतो आणि फक्त आवाज ऐकतो. शेवटचे दोन आवाज एकमेकांना चिकटून आले तर उडी वर जाणार. मधे पोकळी राहिली तर मुलाने पाऊल ताणलं, वेगाला ब्रेक लावला.

टेकऑफचा पाय पूर्ण तळव्याने चटकन पडावा आणि पावलाची बोटं मॅटच्या लांबच्या मागच्या कोपऱ्याकडे असावीत. पाऊल बारला समांतर पडलं तर घोटा आत मुरगळतो. लहान मुलांच्या घोट्याच्या दुखण्याचं हे एक मोठं कारण मी पाहत आलो आहे. पाय जमिनीवर जेमतेम एक पंचमांश सेकंद असतो, त्यात विचाराला वेळ नाही. म्हणून एकाच गोष्टीवर मन ठेवायला सांगा: मोकळा गुडघा वर न्यायचा आणि वरच ठेवायचा. हातही सोबत वर जातात. नजर बारच्या लांबच्या टोकाकडे. जो बारकडे बघतो त्याचा खांदा बारकडे जातो.

सातवं पाऊल: बारवर

हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो आणि शिकायला सगळ्यात कमी वेळ लागतो. आधी मॅटला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही पायांनी उडी मारून खांद्यांवर पडायचं. मग एका भक्कम खोक्यावरून तसंच, मधे इलॅस्टिक. कंबर वर ढकलायची, टाचा मांड्यांखाली ओढायच्या. कंबर पलीकडे गेली की हनुवटी छातीला लावायची, म्हणजे पाय आपोआप वर येतात. उतरायचं पाठीच्या वरच्या भागावर, हात पसरून. गुडघे थोडे फाकलेले ठेवा, नाहीतर गुडघा तोंडावर आदळतो.

पुण्यात मल्लखांब आणि योगासनं शिकणारी मुलं पुष्कळ. त्यांची पाठ आणि खांदे आधीच मोकळे असतात. अशा मुलांना कमान चटकन जमते, पण तीच त्यांची अडचणही ठरते. कमान करायच्या नादात ती जमिनीवर असतानाच मागे वाकू लागतात. त्यांना पुन्हा कैचीवर न्या.

बार पडला, की कुठे लागला ते विचारा. वर जाताना खांदा किंवा पाठ लागली, तर टेकऑफ बारच्या फार जवळ झाला किंवा मूल लवकर झुकलं. खाली येताना कंबर लागली, तर टेकऑफ फार लांब झाला. कंबर पलीकडे जाऊन टाचा लागल्या, तर हनुवटी उशिरा आली. यातल्या बहुतेक चुकांचा उपाय बारपाशी नसतो, सुरुवातीच्या खुणेपाशी असतो. एक पाऊल मागे-पुढे केलं की निम्म्या चुका जातात.

वाढतं वय

शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षात माझ्याकडे तेरा वर्षांचा एक उंच मुलगा होता. सहा महिन्यांत तो झपाट्याने वाढला होता. गुडघ्याखाली दुखतं म्हणाला. मी म्हणालो, वॉर्मअप नीट कर. आठवड्यातून चार दिवस त्याला उडवत राहिलो, कारण तालुका स्पर्धा जवळ होती. महिन्याभराने त्याच्या आईने सांगितलं, की तो शाळेचा जिना कठडा धरून उतरतो. चूक सर्वस्वी माझी होती. त्याचं ते वर्ष वाया गेलं, आणि त्यानंतर दुखण्याची एकही तक्रार मी हसण्यावारी नेलेली नाही.

वाढीच्या काळात हाडं आधी लांबतात, स्नायू आणि त्यांचे बंध मागून येतात. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे बंध हाडाला जोडलेला असतो ती जागा दुखते, कधी टेंगूळ येतं. त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागे दुखलं तर सीव्हर्स. दोन्ही बहुतेक वेळा बरी होतात, पण उड्या कमी केल्या तरच. मुलींची वाढ साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने होते. पालकांनी दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करावी आणि प्रशिक्षकाला कळवावी. खूण झपाट्याने वर सरकली की आम्ही उड्या निम्म्यावर आणतो आणि वळणाची धाव, पोहणं, पोटाचे व्यायाम वाढवतो. दुखणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही किंवा सूज आली, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

वयानुसार माझं गणित असं आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत लंगडी, दोरीउड्या, अडथळे, सगळे खेळ. उंच उडी आठवड्यातून एकदा, तीही कैची. आपली लंगडी म्हणजे एका पायावर तोल सांभाळत उसळण्याचा उत्तम व्यायाम आहे, शाळांनी ती सोडू नये. बारा ते चौदा या वयात वळण आणि फ्लॉप. आठवड्यात दोनच दिवस उड्या, एका दिवशी बारा ते पंधरा, त्याहून जास्त नाही. बाकीच्या दोन दिवशी वेगाच्या छोट्या धावा, बैठका, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), टाचा उचलणं. पंधरानंतर जाणकाराच्या नजरेखाली हलकी वजनं. उंचावरून खाली उडी मारून लगेच वर उसळायचे व्यायाम सोळाच्या आत मी देत नाही. तळजाई टेकडीच्या चढावर पळणं छान, पण पर्वतीच्या पायऱ्यांवरून उड्या मारत उतरू नका. दगडाचा तो मार वाढत्या गुडघ्यांना सोसत नाही.

पावसाळ्यात ओल्या ट्रॅकवर वळण पळू नये, पाय घसरतो तो नेमका टेकऑफला. शालेय स्पर्धांचा हंगाम मात्र पावसाळ्यापासूनच सुरू होतो. त्यामुळे वळणाचं काम आम्ही उन्हाळ्यातच, सकाळी आठच्या आत उरकतो. जून-जुलैत शाळेच्या हॉलमध्ये ताकद आणि लवचिकता.

आणि खाण्याबद्दल. “वजन कमी कर, उडी वाढेल” हे वाक्य वाढत्या मुलांना, विशेषतः मुलींना, कोणीही बोलू नये. कमी खाऊन मुलींची पाळी चुकते, हाडं कमजोर होतात आणि उडी तर वाढत नाहीच. सरावाआधी केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, सरावानंतर तासाभरात पोळी-उसळ, अंडं, दूध असं साधं आणि पोटभर खावं.

स्पर्धेचा दिवस

पुण्याची मुलं पुढे बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात स्पर्धेला जातात. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं आणि २०१३ची आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा तिथेच झाली. तिथल्या सिंथेटिक ट्रॅकवर मातीपेक्षा पाय जास्त धरतो, वेग वाढतो आणि टेकऑफ बारच्या जवळ पडतो. मातीवर सराव करणाऱ्यांनी वॉर्मअपमध्ये खूण एक-दीड पाऊल मागे नेऊन बघावी.

नियम मुलांना आधीच सांगा. टेकऑफ एकाच पायावरून. लागोपाठ तीन वेळा चुकलं की बाहेर, मग त्या तीन चुका वेगवेगळ्या उंचीवरच्या का असेनात. दोघांची उंची सारखी झाली, तर त्या उंचीवर कोण कमी वेळा चुकलं ते बघतात. तिथेही बरोबरी असेल तर आधीच्या सगळ्या चुका मोजतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी दोघेही २.३७पर्यंत एकदाही चुकले नव्हते आणि २.३९वर दोघेही तीनदा चुकले. त्यांनी सुवर्णपदक वाटून घेतलं ते यामुळेच. म्हणून सुरुवातीची उंची सरावात डोळे मिटून जाईल अशी निवडा आणि ती पहिल्याच प्रयत्नात पार करा. दोन प्रयत्नांच्या मधे मुलाला सूचनांचा भडिमार नको. मी एकच गोष्ट सांगतो, बहुतेकदा पावलाबद्दल: “अर्धं पाऊल मागे.”

स्पर्धा संपली की त्याच दिवशी, घरी जायच्या आधी वही काढा. कोणती उंची कितव्या प्रयत्नात गेली, बार कुठे लागला, खूण किती मीटरवर होती, ट्रॅक कोरडा होता की ओला, हे मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचं. दुसऱ्या दिवशी सुट्टी. त्यानंतरच्या सरावाला पुन्हा फक्कीचा गोल आणि सहा कैच्या.